दिसायला एक, निघाले दोन: बेडकांच्या ओळखीत डीएनए कसा आला

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ साली युरोपातल्या एका हिरव्या पाणबेडकाला 'राना एस्क्युलेंटा' हे नाव दिलं. पुढची दोनशे वर्षं ती सरळसाधी प्रजाती म्हणूनच पुस्तकांत राहिली. १९६०च्या दशकात पोलंडमध्ये जीवशास्त्रज्ञ लेशेक बेर्गेर यांनी या बेडकांची पैदास करून पाहिली. एस्क्युलेंटाच्याच नर-मादीची जोडी लावली, की पिल्लं बहुतेक मरून जात. हा बेडूक मुळात स्वतंत्र प्रजाती नव्हताच. लहानखुरा लेसोनी आणि दांडगा रिडिबुंडा या दोन पाणबेडूक प्रजातींचा तो संकर होता. त्याला स्वतःचं नाव देणाऱ्या कुणाचीही नजर कमी पडली असं मी म्हणणार नाही; नजरेला दिसण्यासारखं तिथे फारसं नव्हतंच.

बेडकांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडतं, आणि त्याला कारण आहे. मादी रात्रीच्या अंधारात नर निवडते ती मुख्यतः आवाजावरून. हाक बदलली की दोन गटांचं मीलन थांबतं, प्रजाती वेगळ्या होतात, पण कातडीचा रंग, पायांची लांबी, डोक्याचा आकार जवळपास तसाच राहू शकतो. म्हणून वेगळेपणाची पहिली खूण अनेकदा कानाला सापडली. उत्तर अमेरिकेतले करडे वृक्षबेडूक हे त्याचं उत्तम उदाहरण. हायला व्हर्सिकलर आणि हायला क्रायसोसेलिस हातात घेतले तर जाणकारही चकतात. हाक ऐकली तर एकाची कंपनं संथ, दुसऱ्याची भरभर. तुलना करताना मात्र तापमान सारखं हवं, कारण उबेत दोघांचाही वेग वाढतो. १९७० साली गुणसूत्रं मोजली गेली आणि कानाने सांगितलेलं खरं ठरलं: क्रायसोसेलिसमध्ये २४, व्हर्सिकलरमध्ये दुप्पट, ४८.

पण पिल्लू हाक मारत नाही, मादी सहसा गप्प असते आणि बरणीतला नमुना कायमचा मुका. इथे प्रथिनं कामी आली. १९७०च्या दशकात पाणबेडकांच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन विद्युतक्षेत्रात पळवून लेसोनी, रिडिबुंडा आणि संकर वेगळे ओळखता येऊ लागले. अडचण एवढीच, की त्यासाठी ताजे किंवा गोठवून ठेवलेले नमुने लागत.

ती अडचण पीसीआरने सोडवली. १९८३मध्ये कॅरी मुलिस यांना सुचलेल्या या पद्धतीमुळे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढता येऊ लागल्या. बेडकाच्या तोंडातून फिरवलेला कापसाचा बोळा किंवा पिल्लाच्या शेपटीचं टोक अल्कोहोलमध्ये ठेवलं तरी पुरतं. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले जुने नमुने मात्र आजही त्रास देतात, कारण त्यात डीएनएच मोडतो. प्राण्यांसाठी सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) जनुकाचा बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखण्याचा ठरावीक तुकडा, २००३मध्ये पुढे आला, पण उभयचरांमध्ये हा तुकडा पकडणारे प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, नीट बसत नव्हते. म्हणून २००५मध्ये बेडूक-अभ्यासकांनी मायटोकॉन्ड्रियातल्याच '१६ एस' या तुकड्याचा आग्रह धरला. साधारण पाचशे अक्षरांचा हा तुकडा जवळपास प्रत्येक बेडकात मिळतो. त्यात तीन टक्के, म्हणजे पंधराएक अक्षरांचा फरक दिसला की संशय घ्यायचा, असा ढोबळ नियम रूढ झाला. मादागास्करमधल्या २००९च्या अभ्यासात या वाटेने १२९ ते २२१ संभाव्य नव्या प्रजाती पुढे आल्या.

'संभाव्य' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. टक्केवारीचा आकडा पाहून नवी प्रजाती जाहीर करण्याचा मोह मोठा असतो, पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. पाणबेडकांत तर तो सरळ चकवतो. संकरात बहुतेकदा लेसोनीचाच मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सापडतो, शिवाय मध्य युरोपातल्या कित्येक रिडिबुंडांतही तो शिरलेला आहे. केवळ १६ एस वाचणारा त्यांना बिनधास्त लेसोनी म्हणेल.

म्हणून तिथे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएचा मार्कर, म्हणजे ओळखखूण, लागतो, आणि योगायोग असा की तो पुन्हा अल्ब्युमिनचाच आहे. त्या जनुकातला पहिला इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनताना गाळला जाणारा तुकडा, दोन्ही मूळ प्रजातींत वेगळ्या लांबीचा असतो. पीसीआर करून जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला, की लेसोनीची एक पट्टी दिसते, रिडिबुंडाची दुसऱ्या उंचीवर एक, आणि एस्क्युलेंटाच्या रांगेत दोन्ही.