पार्श्वभूमी : शेतीपंपाच्या मोबाईल स्टार्टरबद्दल ग्राहकांकडून आलेले कुठले म्हणणे आधी हाती घ्यायचे?

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ‘ग्राहकाचं म्हणणं काय’ हा प्रश्न बरीच वर्षं अवघड नव्हता. १९८५ साली तिथे दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप आजूबाजूला उभी राहिली. त्यांचा ग्राहक एकच. माल परत आला तर सोबत रिजेक्शनची चिठ्ठी, चिठ्ठीवर चुकलेलं माप. ते माप सुधारलं की काम संपलं. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये एक मांडणी पुढे आली होती : वस्तूतले काही गुण असे असतात की ते असले म्हणून कोणी कौतुक करत नाही, नसले की मात्र माणूस चिडतो. आणि असे गुण ग्राहक तोंडाने मागतही नाही. वाळूजला तेव्हा या मांडणीची गरज पडली नाही.

गरज पडली ती छोट्या उद्योगांनी थेट शेतकऱ्यासाठी वस्तू बनवायला घेतल्यावर. शेतीपंपाचा मोबाईल स्टार्टर हे त्यातलं ठळक उदाहरण. थ्री फेज रात्रीची आली की अंधारात विहिरीवर जायचं, पायाखाली साप-विंचू. त्याऐवजी घरून एक कॉल केला की मोटर चालू. मागणी होतीच.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, स्टार्टरला ॲप आलं, ॲपला स्टार मिळू लागले. ‘ही वस्तू दुसऱ्याला सुचवाल का, ० ते १० पैकी किती गुण द्याल’ हा २००३ पासून जगभर चाललेला प्रश्नही स्टार्टर बनवणाऱ्या आपल्या टीमांनी उचलला. पहिली मोठी ओरड सिमची होती. स्टार्टरमधला मोडेम टूजी आणि गावोगाव घेतलेलं नवं सिम फक्त फोरजीचं, म्हणजे ते चालणारच नाही. ती दुरुस्ती आधी घेतली हे बरोबरच झालं. पण त्यातून एक सवय लागली : ॲपवर जे जास्त दिसेल ते आधी. ॲप मालकाच्या फोनमध्ये असतं, आणि मालक पुष्कळदा लातूरला किंवा संभाजीनगरला राहतो. आखाड्यावर मोटरीपाशी सालगडी असतो. त्याला स्टार कोणी विचारलेच नाहीत.

खरा वाद पेटला तो ‘ऑटो’वरून. सगळ्यात जास्त मागणी त्याचीच. मोंढ्यातल्या दुकानदाराच्या काउंटरवरच्या वहीत पानामागून पान तेच : ‘लाईन आली की आपोआप चालू झाली पाहिजे.’ मागणी समजण्यासारखी आहे. लाईन रात्रीतून चार वेळा जाते-येते; दर वेळी उठून कॉल करायचा तर मोबाईल स्टार्टर घेतला कशाला? उलट वीज कंपनी वर्षानुवर्षं आवाहन करत आली आहे की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. तिचंही खोटं नाही. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाच एचपीच्या दहा मोटरी चालू असताना जेमतेम पन्नास-पंचावन्न केव्हीएचा भार असतो. त्याच दहा एका क्षणी सुरू झाल्या तर तो काही सेकंद तीनशेच्या घरात जातो. व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेग घेत नाहीत, करंट उतरत नाही आणि फ्यूज किंवा अख्खी डीपी जाते. डीपी बदलून मिळेपर्यंत दहाही जणांचा हरभरा वाळतो. म्हणजे प्रत्येकाने स्वतःसाठी मागितलेली सोय सगळ्यांच्या मुळावर येते. अशी मागणी नुसती मोजून कशी चालेल?

तोडगा निघाला तो मोटर उशिराने चालू करण्याचा : लाईन आल्यावर प्रत्येक स्टार्टरने वेगवेगळा वेळ थांबायचं. पण हा वेळ बदलायची सोय शेतकऱ्याच्या हाती दिली, आणि जो पहिला चालू होतो त्याला व्होल्टेज चांगलं मिळतं हे सगळ्यांना ठाऊक. मग एकेकाने तो शून्यावर आणला. तो कुलूपबंद करावा, असं काही टीमांतल्या लोकांनी सांगितलं. विक्रीवाल्यांनी विरोध केला, दुकानदार नाराज होईल म्हणून. माझ्या मते कुलूप पहिल्या दिवसापासून हवं होतं. दुकानदाराची नाराजी फोनवर ऐकू येते, जळालेली डीपी ॲपवर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

हे सगळं चालू असताना सर्वांत उपयोगी माहिती मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नव्याने तार भरणाऱ्या, दुकानात पडून होती. परभणीकडच्या अशाच एका दुकानात मिस्त्रीने एक उघडलेली मोटर पुढ्यात ओढून दाखवली. वॉर्निशचा जळका वास अजून येत होता. दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या, मधल्या तिसऱ्या फेजच्या मात्र तांबूस, जशा भरल्या तशा. ‘एक फेज गेली होती, मोटर दोनावर ओढत राहिली,’ मिस्त्री म्हणाला. तिन्ही सारख्या काळ्या असत्या तर जास्तीचा भार समजायचा. ज्या स्टार्टरने इथे मोटर बंद करायला हवी होती त्याबद्दल त्या शेतकऱ्याने कुठेही तक्रार केलेली नव्हती. वाइंडिंगचे पैसे दिले, लाईनला शिव्या दिल्या आणि पुढच्या हंगामात दुसरा स्टार्टर घेतला. उन्हाळ्यात विहीर तळाला गेल्यावर कोरड्या चाललेल्या मोटरींचंही तसंच. १९८४ च्या मांडणीतला ‘न मागितलेला गुण’ तो हाच.

त्यानंतर काही टीमांनी महिन्यातून एकदा रिवाइंडिंगवाल्यांकडे माणूस पाठवायला सुरुवात केली. कुठल्या मोटरी आल्या, कॉइल कशा जळाल्या, पुढे स्टार्टर कोणता होता, एवढंच तो लिहून आणतो. फेज गेल्यावर मोटर किती सेकंदांत बंद झाली पाहिजे याचं काम त्या नोंदींवरून यादीत वर आलं, ऑटोच्याही वर.

आता शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर नेऊन दिवसा पुरवठा करण्याची योजना, २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ पासून नव्या रूपात, गावोगाव पोचते आहे. जिथे दिवसा लाईन आली तिथे रात्रीच्या कॉलची गरज कमी होते. तिथे दुकानदाराच्या वहीत ‘ऑटो’ कमी आणि ‘दुपारी व्होल्टेज उतरतं, मोटर ट्रिप होते’ जास्त लिहिलेलं दिसू लागलं आहे.