कॉरिंथ

ग्रीसमधील एक प्राचीन नगरराज्य. मराठी बायबलमधील ‘करिंथ’. मुख्य ग्रीस व दक्षिणेचे पेलोपोनीस द्वीपकल्प यांना जोडणारी संयोगभूमी जिथे सर्वांत चिंचोळी आहे, तिथे ती जेमतेम 6 किमी. रुंद भरते. तिच्या नैर्ऋत्येला, ॲक्रोकॉरिंथ या 575 मी. उंच डोंगराच्या पायथ्याशी हे शहर वसले होते. पश्चिमेच्या लेखेऑन बंदरातून इटलीकडे, तर पूर्वेच्या केंख्रेईमधून आशियाकडे माल जाई. शहराची श्रीमंती मुख्यतः या दोन समुद्रांमधल्या वाटेवर पोसली गेली.

इथल्या पुराणकथाही डोंगर आणि पाण्याभोवतीच फिरतात. पोसायडन व हीलिऑस यांच्या भांडणात ब्रायरेउस या शंभर हातांच्या राक्षसाने निवाडा केला: संयोगभूमी समुद्रदेवाला, डोंगर सूर्यदेवाला. हीलिऑसने आपला वाटा पुढे ॲफ्रोडाइटीला दिला. (तिच्या मंदिरात हजार देवदासी होत्या हे प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोचे विधान आज बरेच अभ्यासक ग्राह्य धरत नाहीत.) झ्यूसने एजायनाला पळवल्याची बातमी राजा सिसिफसने तिच्या बापाला, नदीदेव असोपसला सांगितली, पण मोबदल्यात डोंगरावर झरा मागून घेऊनच. त्याचा नातू बेलेरोफॉन याने पेगासस हा पंखांचा घोडा पिरीनी झऱ्यापाशी पकडला. शहराच्या चांदीच्या नाण्यांवर हाच घोडा असतो. जेसनची पत्नी मीडीया हिची मुले कॉरिंथकरांनीच मारली अशीही एक कथा होती, युरिपिडीसच्या इ.स.पू. 431 मधील नाटकात मात्र हत्या आईच्या हातून होते, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिले.

बॅकिआड घराण्याच्या काळात, परंपरेनुसार इ.स.पू. 733 च्या सुमारास, कॉरिंथकरांनी सिसिलीत सिराक्यूज वसवले. पुढे किप्सेलसने हे घराणे उलथवले. त्याचा मुलगा पेरिअँडर याच्या कारकिर्दीशी दिओल्कोस ही संयोगभूमी ओलांडणारी फरसबंद ओढवाट जोडली जाते, पण प्राचीन लेखक तसे स्पष्ट सांगत नाहीत. वाट 3.4 ते 6 मी. रुंद, चुनखडीच्या चिऱ्यांची. चिऱ्यांवर सुमारे 1.6 मी. अंतराने दोन समांतर चाकोऱ्या आहेत. पेलोपोनीसच्या आग्नेय टोकाच्या मालिआ भूशिराच्या वादळांना टाळण्यासाठी गलबते सर्रास इथून ओढत असत, हे चित्र अतिरंजित वाटते. जहाजे ओढल्याच्या नोंदी मोजक्या आणि बहुतेक युद्धनौकांच्या आहेत. एरवी गाड्यांवरून माल जात असावा. जड जहाज ओढताना सांगाडा पिळवटतो, त्यात भरलेले असेल तर आधी माल उतरवावाच लागणार. वाटेच्या पश्चिम टोकाचे बरेच चिरे आजच्या कॉरिंथ कालव्यातल्या बोटींच्या लाटांनी गिळले आहेत.

इ.स.पू. सातव्या शतकात कॉरिंथच्या कुंभारांनी कृष्णाकृती शैली घडवली. माती गाळून बारीक केलेल्या लेपाने आकृती भरायची, मग टोकदार हत्याराने तपशील कोरून खालची फिकी माती उघडी करायची. भाजणी एकाच भट्टीत तीन टप्प्यांत होई: आधी हवा खेळती, मग झरोका बंद करून धुरकट, शेवटी पुन्हा हवा. धुरात सगळेच काळे पडते. अखेरच्या हवेत सच्छिद्र अंग पुन्हा उजळते, तर घट्ट झालेला लेप काळाच राहतो. ही शेवटची पायरी लांबली किंवा आच फार चढली, तर काळा लेपही तांबडा होतो. शहराजवळच्या पेंतेस्कूफिया येथे सापडलेल्या मातीच्या पट्ट्यांवर भट्टीवर काम करणारे कुंभार रंगवलेले आहेत. अत्तरी तेलाच्या इथल्या चिमुकल्या कुप्या दूरवर खपत. सहाव्या शतकात अथेन्सच्या तांबूस भांड्यांनी बाजार काबीज केला, तेव्हा काही कॉरिंथकर आपल्या फिक्या मातीवर तांबडा लेप चढवू लागले. उपयोग झाला नाही.

इ.स.पू. 338 मध्ये मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ग्रीस जिंकल्यावर ग्रीक राज्यांचा संघ इथेच स्थापन केला. इ.स.पू. 146 मध्ये रोमन सेनापती मम्मिअसने शहर लुटून उद्ध्वस्त केले, इ.स.पू. 44 मध्ये सीझरने तिथे रोमन वसाहत बसवली. संत पॉल इ.स. 50 च्या सुमारास आला तो या रोमन शहरात. नीरोने 67 मध्ये कालवा खणायला घेतला, पण त्याच्या मृत्यूनंतर काम थांबले. आजचा कालवा 1893 मध्ये खुला झाला.

1858 च्या भूकंपानंतर वस्ती किनाऱ्याकडे हलली आणि तिथे नवे कॉरिंथ उभे राहिले. जुन्या जागी 1896 पासून अमेरिकन संस्थेचे उत्खनन चालू आहे. तिथे दिसणारे बहुतेक अवशेष रोमन आहेत. ग्रीक काळातले ठळक ते अपोलोचे मंदिर: मूळच्या 38 खांबांपैकी सात उभे आहेत, आणि प्रत्येक खांब एकाच दगडातून कोरलेला आहे.