पवनचक्कीचा मालक आणि पवनचक्कीवाला : इंग्लंडमधील घराण्यांचा माग काढताना होणारी गल्लत

दळणाचा डबा गिरणीत ठेवून आलेला माणूस घरी येऊन ‘गिरणीवाल्याने संध्याकाळी बोलावले आहे’ असे सांगतो, तेव्हा तो गिरणीवाला जागेचा मालक आहे, गिरणी भाड्याने घेऊन चालवणारा आहे की पगारावर बसलेला आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. इंग्रजीतील ‘मिलर’ हा शब्दही असाच सैल आहे. मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमध्ये वाऱ्यावर धान्य दळणाऱ्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्याला हा सैलपणा महाग पडतो. (साताऱ्याच्या पठारांवर वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या येथे अभिप्रेत नाहीत, येथील पवनचक्कीच्या पोटात दगडी जाती फिरतात.) कागदात ‘मिलर’ दिसला की पूर्वज पवनचक्कीचा धनी होता असे धरून चालायचे आणि मग खरेदीखत सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षे दप्तरे धुंडाळायची, ही चूक फार जणांकडून होते.

मालकाचा माग जमिनीच्या कागदांतून लागतो, तर दळणाऱ्याचा माग माणसांच्या नोंदींतून. मालक एका जागी बांधलेला असतो, निदान त्याची मालमत्ता तरी; दळणारा मात्र भाडेपट्टा संपला किंवा दुसरीकडे बरे काम मिळाले की बिऱ्हाड हलवतो. त्यामुळे एकाच पवनचक्कीच्या नोंदी पन्नास वर्षे वाचत गेलो, तर मालकाचे आडनाव तेच राहते आणि दळणाऱ्यांची चार आडनावे बदललेली दिसतात. उलट एका दळणाऱ्याच्या कुटुंबामागे गेलो, तर चार गावे पायाखालून जातात.

दोघांना वेगळे करून दाखवणारा सर्वांत सोयीचा कागद म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे, रोख रकमेत रूपांतर करण्यासाठी १८३६ च्या कायद्यान्वये तयार झालेले नकाशे आणि त्यांसोबतच्या याद्या. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यासमोर मालकाचे नाव एका रकान्यात आणि वहिवाटदाराचे दुसऱ्या रकान्यात असते, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही. अर्थात, वहिवाटदार म्हणजे पीठ अंगावर घेऊन जात्यापाशी उभा असलेला माणूसच, असेही समजू नये. पवनचक्की भाड्याने घेणारा पावरोटीवाला किंवा शेतकरी असे आणि प्रत्यक्ष दळण त्याचा नोकर करी. दळणावळ शेवटी कोणाच्या खिशात जात होती, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतोच. पुढे १९१० च्या सुमारास झालेल्या मालमत्ता-मूल्यांकनाच्या वह्यांतही मालक आणि वहिवाटदार वेगवेगळे नोंदलेले असून त्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात.

मालकी आणि वहिवाट यांची सरमिसळ सर्वांत अधिक दिसते ती भाडेपट्ट्यांत, आणि हे कागद मला सर्वांत बोलके वाटतात. इमारत मालकाची, पण आतील फिरते सामान, म्हणजे जाती, दाती चाके, शिडांचे कापड, यांचा हिशेब अनेकदा वेगळा ठेवला जाई. भाडेकरू बदलताना सामानाची मोजदाद होई आणि जात्याच्या दगडाची जाडी इंचांत मोजली जाई, कारण दगडाला वारंवार टाकी लावावी लागे आणि प्रत्येक वेळी तो थोडा झिजे. येताना मोजलेली जाडी आणि जाताना मोजलेली जाडी यांतील फरकाचे पैसे भाडेकरूला भरावे लागत. अशा यादीत पूर्वजाचे नाव सापडले, तर तो जमिनीचा मालक नव्हता एवढेच कळत नाही, तर त्याच्या कारकिर्दीत किती दगड झिजला हेही कळते. दगडाला टाकी लावणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर पोलादाचे बारीक कण कातडीत रुतून काळे-निळे ठिपके उमटत आणि काम मागायला आलेल्या कारागिराचा अनुभव त्या हातांवरून जोखला जाई. मालकाचे हात अर्थातच कोणी पाहिले नसते.

लाकडी पवनचक्कीच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. एका मोठ्या खांबावर संपूर्ण घर तोलून धरणारी ही पवनचक्की उचलून दुसरीकडे नेता येई. ससेक्समधील ‘जिल’ ही पवनचक्की १८२१ साली ब्रायटनमध्ये उभी राहिली आणि १८५२ मध्ये बैल-घोड्यांनी ओढून क्लेटनच्या टेकडीवर नेण्यात आली. म्हणून एका गावच्या जमिनीच्या कागदांतून पवनचक्की अचानक नाहीशी झाली, तर ती जळाली किंवा पडली असे लगेच मानू नये.

आता दळणाऱ्याकडे वळू. १८३७ पासूनच्या विवाह नोंदणीत वधू-वरांच्या वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो, परंतु तेथील ‘मिलर’ या शब्दावर फार विसंबू नये, कारण लग्नाच्या दिवशी बापाचा धंदा कोणी कमी करून सांगत नाही. त्यापेक्षा १८५१ आणि त्यानंतरच्या जनगणना उपयोगी पडतात. हाताखाली माणसे असणाऱ्याने स्वतःला ‘मास्टर’ म्हणवून कामगारांची संख्या सांगावी अशी त्यात अपेक्षा होती, तर मजुरीवर दळणाऱ्यापुढे ‘जर्नीमन’ लिहिलेले आढळते. शिवाय प्रत्येकाचे जन्मगाव दिलेले असल्यामुळे मुलांची जन्मगावे वयाच्या क्रमाने मांडली की बाप कोणकोणत्या गावांतून फिरत आला, याचा रस्ताच समोर येतो. मालकाला मात्र या नोंदींत ‘जमीनदार’, ‘पावरोटीवाला’, ‘विधवा’ असे काहीही म्हटलेले असू शकते आणि पवनचक्कीचा उल्लेखही नसतो.

एकच माणूस दोन्ही असू शकतो, आणि एकाच आयुष्यात एकातून दुसऱ्यात जाऊही शकतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नॉटिंगहॅमलगतच्या स्नेंटनचे आहे. तेथे जॉर्ज ग्रीन नावाच्या पावरोटीवाल्याने १८०७ साली विटांची पवनचक्की बांधली. त्याचा त्याच नावाचा मुलगा तिथे राबला आणि फावल्या वेळात त्याने लिहिलेला वीज व चुंबकत्व यांवरील गणिती निबंध १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८२९ मध्ये बाप वारल्यावर मुलगा मालक झाला, दळण्याचे काम त्याने सोडले आणि १८३३ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात दाखल झाला. पवनचक्कीचा कारभार पाहणाऱ्या विल्यम स्मिथची मुलगी जेन हिच्यापासून त्याला सात मुले झाली, पण दोघांचे लग्न कधीच झाले नाही. म्हणजे मालकाचे घराणे आणि कारभाऱ्याचे घराणे त्या मुलांत एकत्र आले असले, तरी विवाहनोंदीत हा दुवा शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जनगणनेतही ग्रीन सापडत नाही. ज्या पहिल्या जनगणनेत देशभरातील माणसे नावानिशी नोंदली गेली, ती ६ जून १८४१ च्या रात्रीची, आणि ग्रीन ३१ मे रोजी वारला होता.