वर्कशॉपला येताना घरातली एक वस्तू आणा

नमस्कार मंडळी, मालवणातल्या आमच्या दागिन्यांच्या वर्कशॉपला नाव नोंदवलंत, थँक्यू! तार, करवंटी, रेझिन (साच्यात ओतलं की काचेसारखं घट्ट होणारं रसायन), मणी, कानातल्याचे हुक सगळं फीमध्येच आलं, त्यामुळे विकत काही आणू नका, पण घरातली एक तरी वस्तू आणाच. नुसत्या आमच्या सामानातून जे बनेल ते बाजारात तयार मिळतं हो, त्यासाठी दिवसभर कशाला बसायचं.

वस्तू म्हणजे काहीही. आजीच्या विरलेल्या लुगड्याचा काठ, वाढवलेल्या मंगळसूत्रातले सुटे मणी, जोडीतली एकच उरलेली कुडी, बंद घड्याळाची चाकं, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी सापडलेला भोकाचा पैसा. हा पैसा आमचा लाडका, १९४३ ते १९४७ मधला, भोक तयारच असतं म्हणजे ड्रिल नको, त्यातून २० गेजची तांब्याची तार ओवायची, गोल नाकाच्या पक्कडीने वर कडी वळवायची, उरलेल्या टोकाचे दोन-तीन घट्ट वेढे खाली द्यायचे आणि टोक आत दाबायचं, नाहीतर साडीत अडकतं. फक्त चिंच लावून घासून आणू नका प्लीज, त्या काळपटपणातच मजा आहे.

फोटो घालायचा असेल तर ओरिजिनल घरीच ठेवा, लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स आणा. इंकजेटची शाई ओल्या रेझिनमध्ये पसरू शकते आणि मग आजोबा ओळखू येत नाहीत.

शंख-शिंपले रिकामे असतील तेच उचला, आत जीव असेल तर परत पाण्यात सोडा. धुऊन दोन दिवस चांगले वाळवा, ओल राहिली की रेझिनमध्ये बुडबुडे येतात. लिंबू-व्हिनेगर अजिबात नको, शिंपला शेवटी चुन्याचाच, आंबट त्याला खातं. आणि प्रवाळ, वाळलेला समुद्रपंखा (पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळच), कासवाची पाठ यातलं काही आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेलं मिळालं म्हणून चालत नाही, आमच्या टेबलावर ते येणार नाही म्हणजे नाही.

सुरंगीच्या वळेसाराबद्दल, म्हणजे सुरंगीच्या फुलांच्या गजऱ्याबद्दल, सीझनला सगळे विचारतात. पूर्ण सुकवलेली फुलं रेझिनमध्ये बसतात, रंग थोडा उतरतो, पण वास कोंडला जातो तो गेलाच. वासासाठी सुरंगी हवी असेल तर डबीत ठेवलेली बरी.

रेझिनला ग्लोव्हज सक्तीचे, ते आम्ही देतो. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असेल तर आधीच फोनवर सांगा, तुम्हाला तार आणि करवंटीचं काम देऊ. लहान मुलांनाही तेच, रेझिन नाही. पावसाळ्यात आम्ही रेझिन ठेवतच नाही, दमट हवेत वरचा थर कधी चिकट तर कधी पांढुरका होतो.

तांबं आपल्या खाऱ्या हवेत हिरवं पडतं, म्हणून घातल्यावर पुसून झिपच्या पिशवीत ठेवा, आणि समुद्रात डुंबायला जाताना काढून ठेवा.

शेवटचं म्हणजे रेझिनची वस्तू त्याच संध्याकाळी मिळत नाही, साच्यात निदान २४ तास राहू द्यावी लागते. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या, रात्रीच्या गाडीने मुंबईला निघणार असाल तर पत्ता लिहून द्या, कुरिअर करू, त्याचा खर्च मात्र वेगळा.