आजी बाप्तिस्म्याविना गेली

नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मागच्या पावसाळ्यात एका म्हातारीला माती दिली. दर रविवारी ती उपासनेला यायची, पण तिचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, नाताळानंतर ठरला होता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून नातवाने हळूच विचारलं, "पाळकसाहेब, आजी बाप्तिस्म्याविना गेली. तिचं तारण झालं का?" पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लूककृत शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय उघडला.

बाप्तिस्म्याविना तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते का, हा प्रश्न पाड्याचा नाही, अठराशे वर्षांचा आहे. मुळात वचनंच दोन्ही बाजूंनी बोलतात. पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशू निकदेमाला सांगतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वास आणि बाप्तिस्मा एकाच वाक्यात जोडलेले आहेत. (त्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे ठाऊक असावं.) दुसरीकडे, लूकच्या त्याच तेविसाव्या अध्यायात, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर. त्याला ना नदी मिळाली ना पाळक, तरी त्याने ऐकलं, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील."

पहिल्या शतकांत मंडळीने (चर्चने) नियम कडक ठेवला, पण एक दार उघडं राहू दिलं. बाप्तिस्म्याची तयारी करणारा माणूस छळात मारला गेला, तर त्याचं रक्तच त्याचा बाप्तिस्मा मानलं गेलं. इ.स. 392 मध्ये सम्राट दुसरा वालेंतिनियन बाप्तिस्म्याआधीच मरण पावला, तेव्हा बिशप अँब्रोज यांनी त्याच्या बहिणींना धीर दिला की त्याने जे मागितलं ते त्याला मिळालं. त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेले धर्मशास्त्री ऑगस्टीन मात्र मूळ पापाच्या, म्हणजे माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाच्या, वादात इतके पुढे गेले की बाप्तिस्म्याविना मेलेल्या तान्ह्या बाळालाही शिक्षा, सौम्य का होईना, त्यांनी ठरवली. मला हा निष्कर्ष कधीच पचलेला नाही. या भीतीनेच युरोपात सुईणींना बाप्तिस्म्याचे शब्द शिकवले जात. कॅथलिक शिकवणुकीत आजही मरणाच्या दारात कुणीही स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देऊ शकतं. 1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने बाप्तिस्मा आवश्यकच म्हटला, पण 'किंवा त्याची इच्छा' हे शब्दही घातले. आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने लिहिलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत.

प्रोटेस्टंटांतही एकमत नव्हतं. लूथरन पंथाच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीत बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक म्हटला आहे. त्याआधी, जानेवारी 1525 मध्ये, झुरिकला काही जणांनी उलट टोक गाठलं: तान्हेपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, आधी विश्वास, मग पाणी. त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांतल्या फेलिक्स मान्झ यांना 5 जानेवारी 1527 रोजी हातपाय बांधून लिमात नदीत बुडवलं. पाण्याच्या विधीसाठी पाण्यातच मरण, तेही ख्रिस्ती सरकारच्या हुकमाने. हे वाचताना आजही छातीत कळ येते.

आपल्या खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली, ती याच 'आधी विश्वास' म्हणणाऱ्या बाजूची. म्हणून इथल्या बहुतेक अलायन्स मंडळ्यांत बाप्तिस्मा जाणतेपणी, पूर्ण बुडवून होतो. मी रंगावली नदीच्या पात्रात एक पाहिला. कमरेएवढं गार पाणी, पदर घट्ट खोचलेली एक मावची आदिवासी बाई, एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला वडील मंडळींतला एक. ती खाली गेली, वर आली, आणि नाकातोंडातलं पाणी पुसायच्या आधी काठाकडे बघून हसली. 'यानेच तारण होतं' असं तिथे कुणी म्हणत नाही. तारण कृपेने, विश्वासाद्वारे. बाप्तिस्मा ही त्याची चारचौघांत दिलेली साक्ष.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत धीराने भिडले ते ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक. 1895 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि मरणाच्या दोन वर्षं आधी, 1917 मध्ये, 'देवाचा दरबार' हा भक्तांचा समाज उभा केला. त्यात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांना एकत्र जागा होती.

साक्षीवर भर दिला की वाट पाहणं आलंच. आधी शिकवणी, घरच्यांची समजूत, मग थंडीतली तारीख. या मधल्या महिन्यांत कुणी गेलं, तर त्याचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत चढत नाही. आजीचं नाव कुठेतरी लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर का होईना.