जुनापाणीच्या शिलावर्तुळांजवळ बांधकाम करायचंय? परवानगीचा अर्ज असा करा

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की जुनापाणीची शिलावर्तुळं येतात, सुमारे 300. लोहयुगातली ही दफनं. काळ्या दगडांचं कडं, आत माती-मुरूम, काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे. नवख्याला तो नुसता दगडांचा ढीग वाटतो आणि जेसीबीवाला सकाळभरात तो साफ करू शकतो. म्हणून इथे नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत.

1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर विनियमित. अंतर हद्दीपासून धरायचं, दिसणाऱ्या शेवटच्या दगडापासून नाही. गोंधळ नेमका इथेच होतो, तेव्हा प्लॉटचा सौदा करण्याआधी मोजणी करून घ्या.

विनियमित पट्ट्यात जागेचा मालक नव्या बांधकामासाठी अर्ज करू शकतो. प्रतिबंधित पट्ट्यात नवं घर नाहीच. 16 जून 1992 पूर्वीची, किंवा नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मंजुरीने झालेली इमारत असेल तर फक्त दुरुस्ती-नूतनीकरण. ती तेव्हा उभी होती हे दाखवायला जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल शोधून ठेवा.

अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. सोबत मालकीची कागदपत्रं (सातबारा किंवा खरेदीखत), जागेचा व मजल्यांचा नकाशा, उंचीचे तपशील, फोटो आणि स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा उपग्रह नकाशा. उंची लिहिताना जिन्याची खोली आणि गच्चीवरची टाकी धरूनच लिहा. तळघर असेल तर ते किती खोल आहे तेही द्या. दफनभूमीशेजारी जमिनीखालचं काम वरच्या मजल्यांपेक्षा जास्त घातक.

अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, त्यांची शिफारस दोन महिन्यांत, मग महिन्याभरात निर्णय. नकार द्यायचा तर म्हणणं मांडायची संधी देऊन, लेखी. तोवर पाया खणू नका. विनापरवाना कामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

संरक्षित हद्दीबाहेर, स्वतःच्या शेतात असं दगडांचं कडं दिसलं, तर एकही दगड न हलवता गट क्रमांक आणि फोटोंसह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लेखी कळवा आणि पोच घ्या.