शिबिरात रक्त दिलं आणि मग ब्लड बँकेतनं फोन आला, तर?

चवथ जवळ आली की गावागावांत रक्तदान शिबिरं लागतात आणि मग थोड्या दिवसांनी आमच्या लॅबच्या काउंटरवर कोणीतरी येऊन हळूच विचारतं, ब्लड बँकेनं परत बोलावलंय, एचआयव्ही असेल का हो? म्हणून हा कागद छापलाय. घरी न्या, निवांत वाचा.

दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच गोष्टींसाठी तपासणी करावीच लागते, मग ती गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) ब्लड बँक असो की प्रायव्हेट. यातलं काही रिअ‍ॅक्टिव्ह आलं, म्हणजे टेस्टनं नुसता संशय दाखवला, की पिशवी बाद. पण रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, इथंच सगळे घाबरतात. ब्लड बँकेची टेस्ट मुद्दामच जरा जास्त संशयी ठेवलेली असते, कारण तिथं एखादी चांगली पिशवी फुकट गेली तरी चालते, खराब सुटलेली चालत नाही.

हिशेब करून बघा. देशात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे दहा हजारांत वीसेक जण, आणि रक्तदात्यांत सहसा त्याहूनही कमी, कारण फॉर्म भरताना नि डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हाच बरेच जण गाळले जातात. आता समजा टेस्ट हजारात पाच जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते, तर दहा हजारांत पन्नास जण उगाचच अडकले. म्हणजे फोन गेलेल्या सत्तरांतल्या (खरे वीस नि हे पन्नास) पन्नासांना काहीच झालेलं नाही! म्हणून नक्की काय ते वेगवेगळ्या किटवर तीन टेस्ट करूनच ठरतं, ते आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला नि टेस्ट देणाऱ्या सरकारी केंद्रात, फुकट होतं, आधी समजावून सांगतात आणि मगच रक्त घेतात.

उलटी बाजू पण आहे. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्टला काहीच दिसत नाही, त्याला विंडो पिरियड म्हणतात, तेव्हाचं रक्त निगेटिव्ह येऊनसुद्धा पेशंटला लागण करू शकतं. नॅट टेस्टनं, म्हणजे रक्तात थेट विषाणूच शोधणाऱ्या टेस्टनं, हा काळ कमी होतो, पण शून्य होत नाही आणि ती सगळीकडे होतही नाही. त्यामुळे मनात शंका आहे म्हणून 'बघूया काय येतं ते' करत शिबिरात जाऊन रक्त देणं आम्हाला साफ चुकीचं वाटतं. मित्रांसमोर नाही म्हणायला लाज वाटते तर हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून सांगा, कोण विचारतंय! टेस्टच करायची तर थेट आयसीटीसीत जा किंवा आमच्याकडे या, ज्या प्रसंगाची शंका आहे त्या दिवसापासून दीडेक महिन्यानं केलेली एलायझा (एचआयव्हीची नेहमीची रक्ततपासणी) बऱ्यापैकी भरवशाची. आणि प्रसंग कालपरवाचाच असला तर वाट बघू नका, ७२ तासांच्या आत लागण टाळायचं औषध सुरू करता येतं, सरळ सरकारी हॉस्पिटल गाठा.

लोक का घाबरतात हे गोव्यात वेगळं सांगायला नको. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या, नेमानं रक्त देणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून त्याला पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये दोन महिन्यांवर एकट्याला कोंडलं, तेव्हा इथला कायदाच तसा होता. त्याची आई हायकोर्टात गेली. बाहेर आल्यावर तो १९९२ ला जाईपर्यंत एचआयव्ही असलेल्या लोकांच्या हक्कांसाठी झटला. आज तसं कोणी करू शकत नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं, ब्लड बँकेतली तपासणी नि असे ठराविक अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिझल्ट तिसऱ्याला सांगणं नाही.

आमच्याकडे एचआयव्हीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही, बायकोनं मागितला तरी नवऱ्याचा देत नाही, ज्याचा त्यानंच यायचं. रक्त देताना लागण होईल का असंही विचारतात, तर नाही, सुई नि पिशवी नवीन असते आणि वापरून फेकतात. बाकी काही विचारायचं असेल तर १०९७ या सरकारी एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.